सिंधुकाकूने न भरलेली ओटी

उमरी तालुक्यातल्या त्या गावात लेक सासरी निघाली की सिंधुकाकूला बोलावणं ठरलेलं. नवरा धडधाकट, लेकरं मार्गी लागलेली. अशा भरल्या घरच्या बाईने ओटी भरली की पोरीचा संसार सुखाचा होतो, असं गाव म्हणायचं. काकूलाही त्या मानाचं अप्रूप होतं. तांदूळ, खण, नारळ पोरीच्या पदरात घालायचा, कुंकू लावायचं आणि म्हणायचं, "नीट नांद, माय."

नीट नांद! मारणारा दुसराच, आणि नीट वागायचं हिने.

गेल्या साली काकूच्या जावेची उज्वला पाठीवर वळ घेऊन माहेरी आली. चार शहाण्यांची बैठक बसली, जावयाने कान धरले, पोह्यांच्या ताटल्या फिरल्या आणि काकूने ओटी भरून तिला परत धाडलं. पाच महिन्यांनी निरोप आला, पाय घसरून विहिरीत पडली. सवाष्ण गेली म्हणून प्रेताला हिरवं लुगडं नेसवलं आणि ओटी भरायला काकूलाच पुढे केलं. काय म्हणावं ह्या रीतीला! जिवंतपणी पाठीशी कुणी उभं राहिलं नाही, मेल्यावर मात्र सवाष्णपणाचं केवढं कौतुक. त्या दिवसापासून काकूला घास गोड लागेना.

आणि यंदा शेजारच्या शेषेरावांची थोरली लेक तनुजा माहेरी आली. सासर अर्धापूरकडचं, केळीची बाग असलेलं. पहिल्यांदा मारलं ते भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, दुसऱ्यांदा आईशी फोनवर फार बोलली म्हणून. कारण काहीही चालतं. पोरीला परत धाडणारं माहेर मिळालं की हात सैल सुटतो. त्या दोन्ही वेळा तिची ओटी काकूनेच भरली होती. आता ती तिसऱ्यांदा आली, डावा हात गळ्यात बांधून.

पुन्हा बैठक. जावई भिंतीला टेकून मोबाईल बघत बसलेला.

"झालं गेलं गंगेला मिळालं," शेषेराव म्हणाले. "धाकटीचं लगीन जमून राहिलंय. थोरली घरी बसली तर लोक काय म्हणतील? वहिनी, ओटी भरा."

तनुजाने एका हाताने पदर पसरला. काकूने नारळ उचलला आणि तसाच ताटात ठेवला.

"म्या न्हाई भरत."

"असं अभद्र बोलू नका. ओटीवाचून लेक कशी धाडायची?"

"धाडायचीच न्हाई, भावजी! उज्वलाच्या मढ्याची ओटी ह्याच हातानं भरलीय म्या. लोकांसाठी अजून किती पोरी मारायच्या? हिला इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. दोन तासांच्या बैठकीत तिला एकदाच हाक मारली होती, ती चहा आणायला. तोही तिने एका हाताने आणला.

"मला न्हाई जायचं," तनुजा म्हणाली.

जावई तावातावाने उठला. "माझी बायको हाय, मी नेणार!" काकू दारात आडवी उभी राहिली. आतून चार बायका येऊन तिच्या शेजारी उभ्या ठाकल्या, त्यांत उज्वलाची आई होती. मग मात्र गडी एकटाच मोटारसायकल काढून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने काकू तनुजाला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. शेषेराव आले नाहीत. तक्रार लिहून घेणाऱ्या पोलीस बाईंनी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"म्या? हिला दोनदा मार खायला धाडणारी," काकू म्हणाली. "ते बी लिहा."