शेडच्या वरचं दुसरं घर

शहाद्यातल्या एका दवाखान्यात मी रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, बिघडलं की माझ्या नावानं शंख होतो. लोणखेड्याहून सकाळी निघतानाच आताशा मी थकलेला असतो.

त्या दिवशी मणिबेलीकडची एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. आधी होडी, मग जीप, मग एसटी. मुलीची सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी गावातल्या शिबिरात झाली होती. तो रिपोर्ट सापडला तर डॉक्टर आजच औषध सुरू करणार होते. नाही सापडला तर पुन्हा रक्त, पुन्हा आठवडाभर वाट, पुन्हा होडी.

तिकडे एकाच नावाच्या पाच-पाच मुली निघतात, म्हणून आम्ही घराच्या ठिकाणावरून नोंद शोधतो. पण डोंगरातलं माणूस पाड्याचं नाव सांगत बसत नाही, खूण सांगतं. "शाळेच्या शेडच्या वर, दुसरं घर," बाई मोडक्या मराठीत म्हणाली. धरणाचं पाणी चढलं तसं घर वर सरकलं होतं. शिबिरातल्या ताईंनीही ऐकलं तसंच लिहून घेतलं असणार.

मी शोधलं. 'नोंद नाही.' बाई मात्र तपासणी झाल्याचंच सांगत होती.

दोष माझाच होता. या नोंदी डेटाबेसमध्ये जेसनच्या रूपात, म्हणजे एकात एक बांधलेल्या गाठोड्यांसारख्या, आहेत. त्यात अख्खा मजकूर तंतोतंत जुळवायचा असेल, तर बाहेरून आलेले शब्द व्हेरिएबलमधून, म्हणजे ऐन वेळी भरायच्या रिकाम्या जागेतून, देता येतात. पण मजकुराचा एखादा तुकडा पॅटर्ननं शोधायला गेलं की डेटाबेस हटून बसतो. पॅटर्न क्वेरीत, म्हणजे शोधायच्या हुकमातच, आधी लिहिलेला हवा, तिथं व्हेरिएबल चालत नाही. चार दिवस डोकं आपटून मी शेवटी सगळ्या पाड्यांची नावं क्वेरीत हातानं लिहून टाकली होती आणि सुटलो म्हटलं होतं. त्यात शेडच्या वरचं घर कुठून येणार? शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.

नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, ती खोटं नही बोली ऱ्हायनी. तुन्हं मशीनच खोटं शे."

मला राग आला, कारण ते खरं होतं. जेसनमधल्या नोंदी एकेक करून बाहेर काढायच्या आणि मग साध्या तुलनेनं तुकडा शोधायचा. तिथं व्हेरिएबल खुशाल चालतं. हा उपाय मला सहा महिन्यांपासून माहीत होता. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो होतो. करायला बसलो तर वीस मिनिटं लागली.

रिपोर्ट सापडला. एक नाही, तीन. एक शिबिरातला, दोन आमच्याच दवाखान्यातले. म्हणजे ही मायलेक आधी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा नोंद नाही म्हणून मुलीचं नव्यानं रक्त घेतलं होतं, आणि पुढच्या खेपेला तोही रिपोर्ट कुणाला सापडला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

कागद छापून मी दोघींना आत बोलावलं. मुलगी खुर्चीवर बसली. कुणी काही सांगायच्या आत तिनं बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"आज नाही, बाळा," मी म्हणालो.

तिला मराठी कळलं नाही की विश्वास बसला नाही, कोण जाणे. तिनं हात काही मागे घेतला नाही.