अक्कांचं येसर

अक्कांनी येसर भाजायला मला बोलावलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी या घरात सून म्हणून आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या कामाच्या वेळी त्यांनी कुणाला शेजारी उभं केलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सावित्रीबाई. वय शहात्तर. काचीगुड्याला स्टेशनामागच्या गल्लीत मुलगा-सुनेसोबत राहतात. आम्ही मूळचे देगलूरकडचे, शेतकरी. आधी थोरले दीर प्रतापराव नोकरीसाठी हैदराबादला आले, मागून आम्ही आलो आणि तारनाक्याला घर केलं. गावाकडचं आता काही उरलं नाही. उरला तो कुळाचा खंडोबा आणि त्याच्या चंपाषष्ठीचं जेवण. बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, पुरण आणि येसराची आमटी. बाकीचं सगळं कुणीही करील. येसर मात्र अक्कांचंच. धान्यं, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे, आणि ते पीठ उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. सासूबाईंनी ते एकट्या थोरल्या सुनेला शिकवलं. मी षष्ठीला तारनाक्याहून यायची तोवर ते दळून डब्यात बसलेलं असे. मला ते फक्त ताटात भेटलं.

प्रतापराव कोरोनात गेले. अक्काही तेव्हा दवाखान्यात होत्या, त्या परत आल्या. त्या वर्षापासून त्यांनी येसर केलं नाही. हात दुखतात म्हणाल्या. दुकानातला मसाला घालून आमटी व्हायची आणि आम्ही मुकाट जेवायचो. ज्या घरातून माणूस गेलं तिथे चवीचं काय बोलणार?

यंदा त्यांच्या सुनेने, प्रणिताने मनावर घेतलं. तिच्या ऑफिसातल्या बायका जुन्या काळची जेवणं घरी करून एकमेकींना दाखवतात. कुणी नवाबांच्या दस्तरखानावरचं करतं, कुणी आजीच्या लग्नातलं. प्रणिता म्हणाली, आपली चंपाषष्ठी आजेसासूबाईंच्या वेळेला जशी व्हायची तशीच करू, आणि सगळं लिहून ठेवू. तिने डिजिटल काटा आणला. ती सिकंदराबादला वाढलेली, मराठी अक्षरं तिला अडखळत वाचता येतात, म्हणून फोनमध्ये तेलुगूत लिहायची. अक्का म्हणाल्या, "हौ, घाल माझ्या सासूला काट्यावर. जिवंतपणी कुणाला उचलली नाही ती." आम्ही हसलो. त्याही हसल्या.

षष्ठीच्या पंधरा दिवस आधी कढई चढली. प्रणिताने धने मोजले आणि किती मिनिटं भाजायचे ते विचारलं. मिनिटं नसतात, अक्का म्हणाल्या. तापल्या जमिनीवर पाणी शिंपडल्यासारखा वास आला की धने उतरवायचे. दगडफुलाचा वास नाकात टोचायचा थांबून घशात उतरला की ते झालं. बाजरीला तर दोन वास, पहिला सोडून द्यायचा. प्रणिताने हे सगळं लिहून घेतलं.

अक्का धने परतत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, काही सांगायचं असेल. धने काळपट व्हायला लागले तरी त्यांचा हात थांबेना. प्रणिताने घाईने गॅस बंद केला. मग भाजायला दुसरे धने निवडून आणायला म्हणून अक्कांनी तिला बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मला वास येत नाही गं त्रिवेणी. साडेचार वर्षं झाली."

मी कढईतले काळे धने ताटलीत काढले.

"दूध करपलं तरी कळत नाही. पोरांना वाटतं म्हातारी विसराळू झाली. देवापुढे उदबत्ती लावते अन् ती जळतीय का नाही ते डोळ्यांनी बघते."

त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. लवंग, लिंबू हुंगत बसा, एखादे वेळी वास येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभर हुंगलं. आता ह्या वयात येत नसतं, असं पुढच्या खेपेला त्याच डॉक्टरांनी सांगितलं. मग येसर करायला प्रणिताला नकार का दिला नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी मेल्यावर विचारणार तरी कुणाला? ह्या पोरीने निदान विचारलं. तू ती आमटी चाळीस वर्षं जेवलीस. हात माझे आहेत, नाक तुझं दे.

मी दिलं. पण माझ्या नाकाला कढईतला वास कुठे ठाऊक होता? त्यांनी सांगितलेली तापली जमीन मी धन्यात शोधत राहिले आणि मला वाटलं तिथे "झालं" म्हणाले. चक्कीवाल्याकडे आधी आपली बाजरी घालून जातं साफ करून घेतलं, मग दळलं. प्रणितालाही खरं काय ते सांगून टाकलं. ती थोडा वेळ अक्कांचा हात धरून बसली, मग काटा पुसून परत मांडला.

नैवेद्याचं आमच्यात कुणी चाखत नाही. म्हणून करून बघायची ही आमटी देवाची नाही, आपली, असं ठरवून केली. मी पहिला घोट घेतला. कच्ची होती. आठवड्याने दुसरं येसर केलं, ते कडवट झालं. तिसऱ्या वेळी सगळं जमलं होतं. रंग तोच, दाटपणा तोच, जळकं नाही, कच्चं नाही. तरी ती आमची नव्हती.

"काय कमी आहे?" अक्कांनी विचारलं.

मला सांगता येईना. मिरे? नाही. खोबरं? नाही. त्या एकेक नाव घेत गेल्या आणि मी मान हलवत गेले. माझ्या जिभेला ओळख होती, तोंडाला शब्द नव्हता. त्यांना सगळे शब्द ठाऊक होते, पण ते आता त्यांच्या काही कामाचे नव्हते.

घरी जाऊन मी माझ्या वह्या काढल्या. रोज संध्याकाळी दिवा लावला की मी तिथी, नैवेद्य, कोण आलं-गेलं ते लिहिते. लग्नापासूनच्या वह्या आहेत. एकूण एक चंपाषष्ठी शोधली. 'अक्कांची आमटी उत्तम.' 'आमटी फार छान.' एका वर्षी 'आमटी नेहमीप्रमाणे.' ह्यापलीकडे एक अक्षर नाही. जेवताना ती आमटी कधी नसेल असं वाटलंच नव्हतं.

खंडोबाचे सहा दिवस बसले आणि करून बघायला वेळ उरला नाही. षष्ठीला तिसऱ्या वेळचंच येसर वापरलं. अक्का सोवळ्याने पहाटेपासून ओट्यापाशी होत्या. प्रणिताने पत्रावळी मांडल्या, सगळ्यांनी तळी उचलली, येळकोट झाला, नैवेद्य दाखवला. प्रतापरावांचे आतेभाऊ हिम्मतराव सिकंदराबादहून आले होते. त्यांनी आमटी भुरकून डोळे मिटले आणि म्हणाले, वहिनी, अगदी मामींच्या हातची. दोनदा वाढून घेतली. मुलंही हौ हौ म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. चार वर्षांत त्यांना दुकानातल्या मसाल्याची सवय लागली होती, त्यामानाने ही बरीच होती.

पंगत उठल्यावर अक्का देवघराशी बसल्या होत्या. मी ताट घेऊन गेले तर त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"आपली झाली का?"

हो म्हणून टाकावं असं वाटलं. हिम्मतरावांनी तर म्हटलंच होतं. पण अक्कांना विचारायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि समोर देव होता.

"नाही, अक्का."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने प्रणिताला हाक मारली आणि फोनमध्ये वर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. आजेसासूबाईंच्या हातचं येसर, असं लिहिलेलं होतं. खाली ग्राम, मिनिटं, सगळं नीट.

"त्यांचं नाव काढ," अक्का म्हणाल्या. "येसर पण लिहू नको. नुसतं आमटी लिही."

"आई, पण चांगली झालीय ना."

"चांगली झालीय. चांगली आमटी म्हणून लिही."

प्रणिताने माझ्याकडे बघितलं. तिने बोटाने ते शब्द पुसले आणि नवे लिहिले. मग अक्कांनी ताट ओढून घेतलं, रोडगा कुस्करला, त्यावर आमटी घेतली आणि जेवल्या. मीठ बरोबर आहे म्हणाल्या. तेवढं त्यांना अजून कळतं.

निघताना उरलेलं येसर त्यांनी मला बांधून दिलं. रोजच्या वरणात घालून संपव म्हणाल्या. आज मार्गशीर्ष शुद्ध नवमी. वरणभात, मेथीची भाजी. वरणात चमचाभर घातलं.