बहात्तर मिलिमीटर

आमच्या सोसायटीत माझ्या नावावर एक विनोद आहे. तो आधी सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पाठीमागे जे आहे ते मात्र मी अजून कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा तेवढा विषय मी जरा बाजूला सरकवतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही नेरूळला आमच्या बी विंगमध्ये राहत नाही, एवढं एक कारण असेल.

विनोद असा. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक पर्जन्यमापक मागवला. नाव मोठं, वस्तू लहान — वर नरसाळं, खाली आकडे छापलेली प्लॅस्टिकची उभी नळी. गच्चीवर तारेने बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वर गेलो, वाचला आणि विंगच्या ग्रुपवर जाहीर केलं : कालपासून दोनशे चौदा मिलिमीटर. लोक घाबरून खिडकीत आले. खाली रस्ता कोरडा, कुत्री पसरलेली. मी ते यंत्र पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाखाली बांधलं होतं. आमचे सेक्रेटरी पवार यांनी ग्रुपवर विचारलं, "कदम, सगळा पाऊस तुमच्या एकट्यावरच पडला का?" आजही लग्नात, पूजेत कुणी पाहुणा भेटला की पवार माझी ओळख 'दोनशे चौदावाले' अशीच करून देतात. मीही हसतो. मला हसता येतं, तो माझा गुणच आहे.

पण त्या फजितीनंतर मी पक्का झालो. यंत्र हलवलं, वही केली, सकाळी सात, दुपारी बारा, तीन, संध्याकाळी पाच अशा वेळा ठरवल्या. हळूहळू अख्ख्या विंगला नाद लागला. कोण आकडा आधी अंदाजाने सांगतो, कोणाचा बरोबर येतो, हरणाऱ्याने कांदाभजी आणायची. कामोठ्याला माझा मेहुणा राहतो, त्यानेही ईर्ष्येने तसाच मापक घेतला. मग नेरूळ किती, कामोठं किती! आमच्याकडे दोन मिलिमीटर जास्त पडला तर मला असं वाटायचं की मीच पाडला. हसू नका. म्हणजे — हसा, हरकत नाही.

तळमजल्यावर घरत काका आणि काकू राहायचे. मूळचे शिरवण्याचे. काकूंना लकवा झाला, डावी बाजू गेली. गावातल्या घराचे जिने चढणं संपलं, म्हणून त्यांनी आमच्याकडे तळमजल्याचा फ्लॅट घेतला. आता रस्ता दर दोन वर्षांनी उंच करतात आणि सोसायटी आहे तिथेच राहते, त्यामुळे काकांचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला होता. एका पावसाळ्यात पाणी पायरीला लागलं आणि त्यानंतर आम्ही सगळ्यांनी बसून एक नियम केला. भरती असेल आणि गच्चीवरचा आकडा शंभरला गेला, की चौघांनी खाली जायचं, काकूंना खुर्चीत बसवायचं आणि खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर देशमुख बाईंकडे न्यायचं. चौघांची नावं ठरलेली. त्यात माझं एक. आणि आकडाही माझाच.

काकू मला 'मास्तर' म्हणायच्या. मी कसला मास्तर, विम्याच्या ऑफिसातला कारकून. पण त्यांची खाट खिडकीशी होती, मी भाजी घेऊन आलो की आतून अर्ध्या तोंडाने हाक यायची — मास्तर, किती झाला? मी आकडा सांगायचो. त्या मान हलवायच्या, जणू त्यांच्या सांगण्यावरूनच तेवढा पडला.

आता तो दिवस. बघा, इथपर्यंत लिहिताना हात कसा सरसर चालला होता.

पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. सकाळीच काकांनी ग्रुपवर त्यांच्या आवाजातला निरोप टाकला होता, "पुनवेचं उधान आजून हाय, तीन-साडेतीनला खाडी पुरी भरंल, सांबालून ऱ्हावा." पाऊस आदल्या रात्रीपासून होता, मी सातला नळी रिकामी केली, बाराला वर गेलो, वाचलं : एक्केचाळीस. हे खरं वाचलेलं. भिजून खाली आलो, कपडे बदलले, जेवलो. ऑफिसांना सुट्टी दिली होती. ज्योती — माझी बायको — आत इस्त्री करत होती. मी सोफ्यावर. तीन वाजले.

गच्चीचं दार पावसात फुगतं, खांदा लावून ढकलावं लागतं. बाहेर सरी आडव्या. मी नुकता कोरडा झालो होतो — आणि मला परत ओलं व्हायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. छातीत दुखत होतं का? नाही. काळोख झाला होता, वीज कडाडत होती? तसंही काही नाही. जिने किती, तर दोन.

मेहुण्याला फोन लावला. म्हणालो, काय रे, तुझा किती? तो म्हणाला, सत्तर. मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं : तीन वाजता, बहात्तर मिलिमीटर.

बहात्तर का? कारण कामोठ्याच्या मागे राहणं मला जमत नाही. आणि सत्तर लिहिलं असतं तर कुणाला तरी वाटलं असतं, अंदाजे टाकलाय. बहात्तर म्हटलं की माणूस वर जाऊन, वाकून, चष्मा पुसून वाचून आलाय असं वाटतं. हे मला ठाऊक होतं, कारण ते मी पहिल्यांदा करत नव्हतो. त्याआधीही चार-पाच वेळा केलं होतं. कधी काही बिघडलं नव्हतं. कामोठ्यात पडतो आणि नेरूळात पडत नाही, नेरूळात कोसळतो आणि कामोठ्यात नुसता भुरभुरतो — हे रोज ज्याच्या वहीत लिहिलेलं होतं तो माणूस मीच ना?

पाच मिनिटांनी काकांचा फोन आला.

"कदम भाऊ, पक्का भात्तर ना? मोरीच्या जाळीतून पानी वर येतंय जरा. मना वाटतंय आकडा जास्त आसंल."

"काका, मोजलंय," मी म्हणालो. "शंभरला अजून खूप आहे. तशी वेळ आली तर मी आहेच ना."

"बरं. तुमी मोजलाय ना? मंग झाला."

त्यांच्या सात पिढ्या या खाडीच्या पाण्यावर जगल्या. मिठागरात त्यांचे वडील होते. नाकाने वास घेऊन भरती सांगणारा माणूस — त्याला मी सोफ्यावरून गप्प केलं. आणि पायावर चादर ओढून घेतली. ते मला स्पष्ट आठवतंय. चादर ओढून घेतली.

सव्वातीनला नाला उलटा फिरला. पाणी रस्त्यावरून आलं नाही, खालून आलं — मोरीतून, संडासातून, मग उंबऱ्यावरून. वॉचमनने मेन स्विच पाडला. फोन का केला नाही, असं पुढे सगळ्यांनी काकांना विचारलं. केला होता हो त्यांनी! दहा मिनिटं आधी. मला. त्यानंतर ते काकूंना एकट्याने उचलायला गेले, सत्तरीचा माणूस, पाय घसरला आणि दोघं खाली पडली. काकांचा मोबाइल पाण्यात गेला. काकूंना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. काका गुडघाभर गढूळ पाण्यात बसून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून राहिले. हाका मारत. पाण्याच्या आणि वाऱ्याने आपटणाऱ्या लोखंडी शटरच्या आवाजात त्या कुणाला ऐकू आल्या नाहीत, पावणेचारला देशमुख बाई जिन्यात डोकावल्या तेव्हा आल्या.

आम्ही चौघं धावलो. खुर्चीचा मागचा उजवा पाय माझ्याकडे होता. काकूंच्या तोंडातून पाणी येत होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मास्तर म्हणाल्या नाहीत. हॉस्पिटलात छातीत पाणी झालं, न्यूमोनिया झाला. अकराव्या दिवशी गेल्या.

इथे थांबलो असतो तरी माझं पाप काही कमी नव्हतं. पण मी थांबलो नाही.

त्याच दिवशी पाच वाजता, काकूंना अँब्युलन्समध्ये घातल्यावर, मी गच्चीवर गेलो. अंगावरचे कपडे काकूंच्या घरातल्या पाण्याने भिजलेले होते, त्यामुळे ओलं व्हायची काही अडचण राहिली नव्हती. नळीत एकशे अडतीस होतं. तीननंतर थोड्याच वेळात पाऊस ओसरून नुसता रिमझिमत होता, म्हणजे बहुतेक सगळं तीनच्या आधीचं. शंभर कधीच ओलांडून गेलं होतं. मग नळी उपसून पन्हाळीत ओतली. खाली येऊन लिहिलं : पाच वाजता, एक्याऐंशी.

उरलेले सत्तावन्न मी पुढच्या आठवड्यात थोडे थोडे वाटून टाकले. आज सहा, उद्या नऊ. महिन्याची बेरीज बरोबर आली. ती वही अजून माझ्याकडे आहे, कुणीही तपासावी.

ग्रुपवर मोठी चर्चा झाली. बहात्तरला पाणी भरतंच कसं? कुणी नाल्याला दोष दिला, कुणी उधाणाला, आणि दबक्या आवाजात बऱ्याच जणांनी काकांना. म्हातारा घाबरला, जरा दम धरायला हवा होता, एकट्याने उचलायची काय गरज. मी त्यावर काय लिहिलं? हात जोडल्याचं चित्र टाकलं. पवारांनी सभेत ठराव आणला, बहात्तरला असं होत असेल तर मर्यादा साठवर आणू. एकमताने मंजूर. पुढच्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना आम्ही दोनदा सामानासकट वर आणलं, खाली टिपूससुद्धा आला नाही. ते बिचारे आम्हाला वेडे समजले. लोकांनी माझे आभार मानले. आता मी खरंच वर जाऊन वाचत होतो, तीनदा तीनदा. कुणासाठी?

काकूंच्या तेराव्याला आम्ही शिरवण्याला गेलो होतो. काका पुतण्याकडे राहायला गेले होते. मांडवात मला बघून उठले, बाकी कुणासाठी उठले नव्हते. माझा हात धरून म्हणाले, "माजीच चूक झाली भाऊ. मन सांगत व्हता पानी चढतंय. तुमी भर पावसात वर जाऊन मोजलाव, तुमाला काय बोल?" माझ्या बाजूला ज्योती उभी होती. मी काकांना म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका."

हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. त्या क्षणी सांगता आलं असतं. मांडवात सगळे होते, फार तर काय झालं असतं? काकांनी थोबाडीत मारली असती. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात ते स्वतःला खात बसले नसते, एवढं तरी झालं असतं. त्याऐवजी मी पंगतीला बसलो. वाटाण्याची उसळ होती. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

त्यानंतर काका साडेतीन वर्षं जगले. दिवाळीला मी फराळ घेऊन जायचो. ते दर वेळी तोच विषय काढायचे, दर वेळी आपलीच चूक म्हणायचे, आणि मी दर वेळी नको म्हणायचो. उदार मनाने.

गेल्या थंडीत काका गेले. पुतण्याचा फोन आला, आम्ही दोघं जाऊन आलो. घरी परतल्यावर ज्योती बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तुला एक सांगायचंय. काकूंच्या त्या दिवसाचं."

तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग दुसऱ्या. माझ्याकडे वळली नाही.

"त्या दिवशी मी घरातच होते," ती म्हणाली. "काका होते तोवर वाट बघितली, तुम्ही त्यांना सांगाल म्हणून. आता मला नका सांगू."