पाय धुणारी दुसरी बाई

सावनेरजवळच्या आमच्या गावात मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती मंडळी सुरू झाली ती माझ्या आजेसासऱ्यांच्या अंगणात. छत्तीसगडाकडून आलेला एक प्रचारक तिथे बसून वचन सांगायचा. विटांचं प्रार्थनाघर नंतर झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा बायकांच्या बाजूला सतरंजी पुरत नव्हती.

आमच्यात प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर घेण्याआधी, एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. पाय धुतल्याशिवाय भाकर घ्यायची नाही, असं सासूबाईंनी शिकवलं. माझ्या जोडीला नेहमी मोठी जाऊ असायची. पाणी लागताच ती म्हणायची, “हळू वं, गुदगुल्या होऊन राहिल्या मले.” सासूबाई डोळे वटारायच्या.

मग कोणी खाणीत कामाला लागलं, कोणी नागपूरला गेलं. सासूबाई वारल्या. जाऊ मुलाकडे खापरखेड्याच्या कॉलनीत राहायला गेली. बायकांच्या बाजूला मी एकटी उरले.

यंदाही प्रभुभोजनाला जाऊ येणार होती. मी पाणी तापवून घंगाळात काढून ठेवलं. बस आली आणि गेली. मग तिचा फोन आला. “गुडघे सुजले वं. जिना उतरता येत नाही मले.”

पुरुषांचं पाय धुणं आटोपलं. नागपूरहून आलेले पाळकसाहेब म्हणाले, “बाई, तुम्ही तशीच घ्या भाकर. देव समजून घेतो.”

मी होकाराची मान हलवली. पण भाकरीचं ताट समोर आलं तेव्हा घ्यायला हात उचलला नाही. नवऱ्याने पाहिलं. गार झालेलं पाणी मी सीताफळाच्या झाडाच्या बुडात ओतलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत टॉवेल घेऊन खापरखेड्याला गेले.

“पाय धुवाले एवढ्या दूर आली? येडी झाली का वं?” जाऊ म्हणाली. पण पाय पुढे केले.

पाय सुजलेले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा. गुदगुल्यांचं ती काही बोलली नाही. माझी पाळी आली तेव्हा तिला वाकता येईना. खुर्चीत बसूनच तिने तांब्याने माझ्या पायांवर पाणी ओतलं. अर्धं फरशीवर सांडलं. मी ते पुसून घेतलं.

तिच्याकडे येताना बसमध्ये रडू येईल असं वाटलं होतं. बसमध्येही आलं नाही, इथे तिचे पाय धुतानाही नाही.

“पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी येतो मी, बाई,” मी टॉवेल पिळत म्हटलं.

“ये,” ती म्हणाली. “मंग टाचा घासून ये.”

ओले पाय चपलेत घातले आणि बस धरली.