पांढऱ्या कपाळाचा हंस

सगळी नोकरी महाराष्ट्रात झाली आणि जी केस आजही डोक्यातून जात नाही ती घडली जर्मनीत, निवृत्तीनंतर. अंगावर वर्दी नाही, हाताखाली हवालदार नाही, तिथली भाषा येत नाही. तरी मी तिला केसच म्हणतो, कारण खबर, पंचनामा, चौकशी आणि कबुली हे सगळं तिच्यात रीतसर झालं. नावं कुणाचीच घेणार नाही. जावयाला जावईच म्हणेन, आणि त्याच्या मित्राला सांगलीकर, कारण तो सांगलीचा.

मुलगी आणि जावई ड्युसेलडॉर्फच्या उत्तरेला ऱ्हाईनकाठच्या एका गावात राहतात. हिवाळ्यात तिथल्या कुरणांवर उत्तरेकडून हंसांचे थवेच्या थवे उतरतात आणि थंडी सरली की परत जातात. मला पाणपक्षी नवे नव्हते. नाशिक जिल्ह्यात असताना धरणाच्या पाणथळीत जाळी लावून बदकं धरणारी टोळी मी आत टाकली होती. इथे मात्र माणसं परीक्षा देऊन, परवाना घेऊन कायदेशीर शिकार करतात. आणि हा परवाना माझ्या जावयाने काढलेला. पुण्यात ज्याने झुरळसुद्धा मारलं नाही, तो माणूस पहाटे उठून बंदूक घेऊन चिखलात पालथा पडतो म्हणजे काय!

त्याला हे वेड लावलं एका म्हाताऱ्या जर्मन शेतकऱ्याने. पक्ष्यांसाठी राखलेल्या कुरणांबाहेरच्या शिवारातल्या शिकारीचा हक्क त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होता आणि तो बोलावील त्यालाच तिथे शिकार करता येई. मला तो म्हातारा अजिबात आवडायचा नाही. मी जेवताना एखादी जुनी केस सांगायला लागलो की जावई मोबाइल बघणार, आणि म्हातारा कुत्र्याच्या पंज्याबद्दल काही बोलला तरी हा मान डोलवून ‘गेनाऊ, गेनाऊ’ करणार. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. मला तो एकदाही अगदी बरोबर म्हणाला नाही. पोटात दुखायचं, दुसरा शब्द नाही.

सांगलीकर जावयाच्याच कंपनीतला. परवाना त्याने आधी काढला, म्हाताऱ्याची ओळख आधी त्याची, जावयाला तिथे घेऊन गेला तोच. पण म्हाताऱ्याचा जीव जडला जावयावर. पाण्याजवळची चांगली जागा जावयाला, आणि वय झालं म्हणून भाडेपट्ट्यात कुणाला तरी भागीदार घ्यायची वेळ आली तेव्हा विचारणाही जावयालाच. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण सांगलीकर स्वतःच हसत हसत आमच्या घरी म्हणाला होता. हसत म्हटलेलं वाक्य मी आधी ऐकतो, सवय आहे.

जानेवारीच्या अखेरीस मोसमातला शेवटचा शनिवार होता. दाट धुकं होतं. शिकार आटोपल्यावर तिथे एक रिवाज आहे: मारलेले पक्षी अंगणात ओळीने मांडतात, सगळे टोप्या काढून उभे राहतात आणि शिंग फुंकून त्यांना मान देतात. म्हाताऱ्याने आग्रहाने बोलावलं म्हणून मी आणि मुलगी त्या वेळेला गेलो होतो. ओळ मांडत असतानाच सांगलीकर मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि सगळे वाकून बघायला लागले. जावयाच्या पक्ष्यांत दोन साधे कलहंस होते, त्यांची शिकार चालते. तिसऱ्याच्या कपाळावर पांढरा पट्टा होता. या जातीला त्या भागात बारा महिने संरक्षण आहे. त्याला मारणं हा गुन्हा, परवाना तर जातोच. वर जावयाचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता, आणि त्या अर्जावर फौजदारी खटल्याचा डाग पडला तर सगळंच मुसळ केरात जाणार होतं.

म्हातारा सरळ माणूस होता. त्याने आरडाओरडा केला नाही. सोमवारी कचेरी उघडली की मी स्वतः कळवणार, एवढंच म्हणाला, आणि पक्षी थंड खोलीत टांगून कुलूप लावलं. मुद्देमाल सुरक्षित ठेवला, म्हणून पहिल्यांदाच मला त्याच्याबद्दल बरं वाटलं.

घरी येऊन जावई सोफ्यावर बसला. मी म्हटलं, क्रमाने सांगा. दोन पक्षी पडलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तिसऱ्यावर धुक्यात गोळी झाडली, पण ती चुकली असं त्याला वाटलं होतं.

“बाबा, कदाचित मीच मारला असेल,” तो म्हणाला. “मला छातीठोकपणे नाही म्हणता येत.”

इथे माझं मत झालं. खोटं बोलणाऱ्याचा जबाब इस्त्री केल्यासारखा असतो. निर्दोष माणूस अडखळतो, स्वतःवरच शंका घेतो आणि वकिलाच्या कपाळावर आठ्या आणतो. मग मी विचारलं, शेतातून अंगणापर्यंत पक्षी कुणी आणले? जावई नकली हंस गोळा करायला मागे थांबला होता. ते नकली हंस शेतात मांडतात, म्हणजे वरचे खरे खाली उतरतात. मारलेले पक्षी अडकवायचे दोघांचेही पट्टे सांगलीकर घेऊन गेला होता. जावयाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, माझ्यावर ओझं नको म्हणून त्याने नेले, असं कौतुकाने सांगितलं. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला दुभाषी म्हणून घेऊन मी म्हाताऱ्याकडे गेलो. आमच्याकडे मयताचा पंचनामा करताना एक शिस्त असते: हात, नखं, खिसे झाले की तोंड उघडून बघायचं. पुष्कळ जण कंटाळा करतात. मी कधी केला नाही. म्हाताऱ्याने खोली उघडली, पक्षी ज्याचे त्याचे वेगवेगळे टांगलेले होते. मी पांढऱ्या कपाळाच्या हंसाची चोच उघडली. आत जिभेखाली एक चुरगळलेलं हिरवं पान होतं.

म्हातारा बुचकळ्यात पडला. हरणाच्या, रानडुकराच्या तोंडात आम्ही झाडाची डहाळी ठेवतो, शेवटचा घास म्हणून, असं तो म्हणाला. पण हंसाला कुणी ठेवत नाही आणि हे पान कुठल्या झाडाचं ते त्याला ओळखू येईना. मी बोटांवर चोळून वास घेतला. मला विचारायची गरज नव्हती. मग जावयाचे दोन कलहंस तपासले, चोची रिकाम्या. सांगलीकराचे दोन तपासले, दोघांच्या तोंडात तुळस.

परत येताना गाडीत मुलीने उरलेलं काम केलं. आमची तुळस दिवाळीनंतर गॅलरीत काळी पडून गेली होती. सांगलीकराच्या बायकोने मात्र कुंडी स्वयंपाकघरात दिव्याखाली ठेवून हिवाळाभर हिरवीगार जगवली होती, आणि माझी मुलगी तिच्यावर त्यापायी जळत होती. दर भेटीला ती बाई मुद्दाम पानं दाखवायची म्हणे. “बाबा, आत्ता गावात तुळस फक्त तिच्याकडे,” असं ती म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात जो कडवटपणा होता, तो साक्षीदाराला शोभणारा होता.

दुपारी मी एकटाच सांगलीकराकडे गेलो. आरोपीकडे चौकशीला जाताना घाई दाखवायची नाही. त्याच्या बायकोने चहा दिला, मी सांगलीच्या हळदीबद्दल बोललो, त्याच्या वडिलांची तब्येत विचारली. मग सहज म्हटलं की तुळस छान आली आहे. तिने कौतुकाने सगळं सांगून टाकलं. नवऱ्याची शिकार तिला पसंत नव्हती. तिची अट होती की जो पक्षी मारशील त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायचं, माणसाला ठेवतो तसं. म्हणून दर वेळी ती त्याच्या खिशात पानं घालून द्यायची. सांगलीकराने कप खाली ठेवला. मी तिला म्हटलं, आम्हा दोघांना जरा बोलू दे.

त्याने फार वेळ घेतला नाही. धुक्यात त्याच्यासमोर पक्षी आला, त्याने कलहंस समजून मारला, जवळ गेला तेव्हा कपाळ दिसलं. आधी तो घाबरला. मग अंगणाकडे निघाला तेव्हा एका हातात स्वतःचा पट्टा आणि दुसऱ्या हातात जावयाचा.

“मी त्याला तिथे नेलं, काका. मी. आणि म्हातारा माझ्याकडे बघतसुद्धा नाही,” तो म्हणाला.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, कारण तो मलाच सुटत नव्हता. “पक्षी दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा होता, तर पान कशाला ठेवलंस? तिथेच तू सापडलास.”

तो खाली बघत म्हणाला, “अजून जिवंत होता तो. डोळे उघडे होते त्याचे. पान नाही ठेवायचं, असं कसं करू?”

तीस-पस्तीस वर्षं मी जबाब घेतले, पण असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मरत्या पक्ष्याला तुळस चुकवायची नाही एवढा धर्म त्या माणसात शाबूत होता आणि त्यानंतर पाच पावलांवर त्याने जिवलग मित्राचा गळा कापला. मत्सर माणसाला राक्षस करतो असं लोक म्हणतात. तसं असतं तर पोलिसांचं काम सोपं झालं असतं. मत्सरी माणूस सगळीकडे चांगलाच राहतो, फक्त एका माणसापुरता वाईट होतो. म्हणून तो ओळखू येत नाही, त्याचा त्यालाही नाही.

मी त्याला सांगितलं, सोमवारी कचेरी उघडायच्या आत म्हाताऱ्यापुढे जाऊन बोल, नाहीतर मी बोलेन. घरी येऊन जावयाला सगळं सांगितलं. मला वाटलं तो उखडेल. दोन शब्द तरी माझ्या तपासाबद्दल बोलेल. त्याने एवढंच विचारलं, तो एकटा कसा जाईल म्हाताऱ्याकडे? मी संतापलो. अहो, ज्याने तुमचा संसार उठवायला घेतला त्याला सोबत कसली? तो म्हणाला, “बाबा, मी नवीन होतो इथे, तेव्हा त्यानेच मला हात धरून फिरवलं.” आणि गाडीची किल्ली घेतली. मीही हट्टाने मागच्या सीटवर बसलो.

मी गाडीतूनच पाहिलं. अंगणात म्हातारा उभा होता आणि त्याच्यापुढे ते दोघं. सांगलीकर बोलत होता, मध्येच थांबत होता, आणि थांबला की जावयाचा हात त्याच्या पाठीवर जायचा. पुढे सांगलीकराचा परवाना गेला, दंड झाला, जावयावर शिंतोडाही उडाला नाही. पण मी बघत होतो तो हात. नोकरीत माझ्याबरोबर भरती झालेला एक दोस्त माझ्याआधी वर चढला, तेव्हापासून आम्ही बोललो नाही. माझ्या पाठीवर असा हात ठेवणारं कुणी उरलेलं नाही. पुष्कळ गुन्हेगारांचा मला राग आला, काहींची कीव आली. हेवा वाटला तो या एकाचाच.