एक सकाळ मागितली होती

"पोलक्यात ठेव. छातीशी. गार होता कामा नये. तासाच्या आत पोचव." वहिनींनी क्लिनिकमधून फोनवर सांगितलं.

साहेब बेडरूममधून बाहेर आले. टिश्यूत गुंडाळलेली छोटी बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. क्लिनिकमध्ये जाऊन नमुना द्यायची त्यांना लाज वाटत होती. ती लाज पोलक्यात घालून मी मस्कतच्या रस्त्यावर टॅक्सीला हात केला.

मी सव्वीस वर्षांची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. आणि परक्या पुरुषाचं वीर्य उराशी धरून टॅक्सीत बसलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लिनिकमध्ये नर्सनं बाटली घेतली आणि विचारलं, "आप वाइफ हो?"

मागून वहिनी हसल्या. "नो, नो. ये तो हमारी कामवाली है."

नर्स हसली. मीपण हसले. आज त्या माझ्याच हसण्याची सगळ्यात जास्त चीड येते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी महाडकडच्या बौद्धवाडीतली. वहिनी पुण्याच्या. मी त्यांच्याकडे घरकामाच्या व्हिसावर होते. नवरा मस्कतमधल्याच गाला भागातल्या एका गॅरेजात डेंटर, ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा. तो कामगारांच्या कॅम्पात, सहा जणांच्या खोलीत. मी वहिनींच्या स्टोअररूममध्ये. दोघांना सुटी फक्त शुक्रवारी. त्याच्या एका मित्राची खोली रिकामी असली तर तिथे भेटायचं, नाहीतर रस्त्यावर फिरायचं. असा आमचा संसार.

वहिनी घाबरट. तपासणीच्या टेबलावर त्यांचा हात धरायला मी लागायचे. त्यामुळे डॉक्टरीणबाई त्यांना जे समजावायची ते सगळं माझ्याही कानावर पडलं. ती कागदावर चित्र काढायची. आधी गोळ्या, म्हणजे स्त्रीबीज नीट पिकतं. मग सोनोग्राफी करून ते पिकलं का बघायचं. मग इंजेक्शन. त्यानंतर दीडेक दिवसात बीज फुटतं. नेमकं तेव्हाच नवऱ्याचं वीर्य धुऊन, त्यातले चपळ शुक्राणू निवडून, बारीक नळीनं थेट गर्भपिशवीत सोडायचे. पाच मिनिटांचं काम. कापाकापी नाही, भूल नाही. फक्त वेळ चुकवायची नाही. "एग किसी के लिए रुकता नहीं," ती म्हणायची. वहिनींना कळायच्या आधी मला कळलं होतं.

तिसऱ्या खेपेला वहिनींना दिवस राहिले. मुलगी झाली. तिला मी न्हाऊमाखू घातलं, मी वाढवलं.

ती तीन वर्षांची झाली तेव्हा एका गुरुवारी संध्याकाळी, वहिनी-साहेब तिला घेऊन बाहेर गेलेले असताना, आम्ही नवराबायको त्याच डॉक्टरणीकडे गेलो. तपासण्या झाल्या. माझ्या नळ्या उघड्या होत्या, याचे शुक्राणू थोडे कमी. ती म्हणाली, तीच ट्रीटमेंट करून बघू. मग तिनं विचारलं, "साथ रहते हो ना?" नवरा म्हणाला, "शुक्रवारी भेटतो."

बीज कुठल्या वारी पिकेल ते कुणाच्या हातात नसतं. मला सुटी शुक्रवारची. नळीचं काम सकाळीच व्हायचं, आणि शुक्रवारी क्लिनिक बंद.

मी वहिनींकडे पैसे मागितले नाहीत. एक सकाळ मागितली. घरी पाहुण्या बसल्या होत्या, मी वडे वाढत होते. वहिनींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अगं, तुमच्या लोकांत तर वारा लागला तरी दिवस राहतात. तुला कसली नळी नि कसलं इंजेक्शन?"

बायका हसल्या. एकीनं विचारलं, "आणि हिलाच दिवस राहिले तर तुझ्या लेकीला कोण बघणार?"

"तेच ना," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "शुक्रवारी जा की. शुक्रवारी मी कधी अडवलंय तुला?"

वर्षभर त्या क्लिनिकच्या पायऱ्या झिजवलेली बाई. शुक्रवारी तिथे कुलूप असतं हे तिला माहीत नव्हतं?

मी गोळ्या घेतल्या, संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्तानं सोनोग्राफी करून आले. बीज पिकलं ते सोमवारी. त्या दिवशी वहिनींकडे भिशी होती. मी गेले नाही. कुणी बांधून ठेवलं नव्हतं, पण मी गेले नाही. माझ्या पोटात ते बीज फुटून वाया जात होतं आणि मी साबुदाणा परतत होते. चार पिढ्यांची मान खाली घालायची सवय. एका दिवसात कशी जाणार?

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या महिन्यात मंगळवार आला. मुलीचा डबा भरला, हात पुसले.

"वहिनी, मी चालले."

"कुठे?"

"क्लिनिकला. तुम्ही जात होतात तसं."

"मग परत येऊ नकोस."

"बरं."

तिकडे माझ्या नवऱ्यानं गॅरेजच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, भीत भीत सांगितलं. तो ओमानी म्हातारा म्हणाला, "यल्ला, जा. इन्शाल्ला, मूल होईल." परक्या माणसाला एका शब्दात जमलं ते. आमच्याच भाषेत बोलणाऱ्यांना जमलं नाही.

नळी आत गेली. जराशी कळ आली. पंधरा मिनिटं पडून राहिले. खलास. पुरुषांच्या कॅम्पात मला जागा नव्हती. हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या वसईच्या एका बाईनं तिच्या खोलीत चटई दिली. तेरा दिवस मी तिथे मोजून पावलं टाकली. चौदाव्या दिवशी पाळी आली.

डॉक्टरीण म्हणाली, एका खेपेत क्वचितच होतं, पुन्हा करू. पण पुन्हा कुठलं? साहेबांनी व्हिसा रद्द केला होता. पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. तो थेट विमानतळावर हातात मिळाला. नवरा तिकडेच राहिला, पुढे अकरा वर्षं.

काही वर्षांनी माझ्या भावाच्या दुकानात वहिनींचा फोन आला. "अगं, दुसऱ्यांदा ट्रीटमेंट घेतेय. व्हिसा पाठवते, येतेस का? तुझ्यासारखी कुणी मिळत नाही. आणि तुला तरी काय गं, मूल ना बाळ."

"मला मूल नाही, वहिनी. कारण तुम्ही मला एक सकाळ दिली नाहीत."

"ते तुझं नशीब. माझ्यावर ढकलू नकोस."

मी फोन ठेवला.

आता पाळी जायला आली आहे. मूल होणार नाही. रोज वाईट वाटतं, त्याला औषध नाही. त्या सोमवारी गेले असते तर झालं असतं का? माहीत नाही. कदाचित नसतंही. पण माझ्यासमोर कुणी नशीब म्हटलं की मी त्याला तिथेच थांबवते. नशीब नाही. बाई होती ती. तिला नाव आहे.

वाडीतल्या मुली आखातात जायला निघाल्या की मी त्यांच्या घरी जाते. पासपोर्ट कुणाकडे राहणार? नवऱ्याबरोबर एका छपराखाली राहू देणार का? डॉक्टरकडे जायचं झालं तर कामाच्या दिवशी सोडणार का? आधी हे कागदावर घ्या म्हणते. एजंट हसतो. घरचे चिडतात. म्हणतात, हिचं वाटोळं झालं, आता पोरींच्या पोटावर पाय आणते.

आणते. गेल्या महिन्यात दोघींना थांबवलं. शिव्या खाल्ल्या. आणखी खाईन. पण माझ्या डोळ्यांदेखत यापुढे एकही पोर तशी जाणार नाही.