आज फ्रान्स बंद आहे का?

त्या गुरुवारी पहाटे पाच वाजता मुकुंदकाकांचा मेसेज आला नाही. अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या मराठी ग्रुपवर गेली सहा वर्षं रोज पाचच्या ठोक्याला काकांचा फ्रेंच सुविचार यायचा. बाकीच्यांची गुलाबाची फुलं आणि उगवते सूर्य त्यानंतर. 'एक फ्रेंच सेनापती म्हणायचा...' किंवा 'एक फ्रेंच तत्त्ववेत्ता म्हणायचा...' अशी सुरुवात आणि पुढे दोन ओळी, संपलं. त्या दिवशी सातच्या सुमाराला नितीननं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात आगाऊ माणसानं, लिहिलं, "काका, आज फ्रान्स बंद आहे का?" त्यावर धडाधड हसरे चेहरे पडले. त्यातला एक माझा होता. मी तेव्हा भारतातल्या टीमबरोबर कॉलवर होते, माइक म्यूट करून हसले होते. हे मला स्वच्छ आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नऊ वाजता तन्वीचा फोन आला. तन्वी ही काकांची एकुलती एक मुलगी, जन्मानं इथलीच, ॲन आर्बरला पीएच.डी. करते. "शुभदामावशी, बाबा फोन उचलत नाहीयेत. कॅन यू गो चेक?" काकांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची, मधे दोनच घरं. बाहेर जूनचं ऊन चढलं होतं, दाराची मूठ हाताला चटका देत होती, आणि आत मात्र एसीनं घर गारढोण झालेलं. काका हॉलमधल्या खुर्चीत बसले होते. एका पायात चालायचा बूट, नाडी नीट बांधलेली. दुसरा बूट मांडीवर. मी "काका" म्हणून हाक मारली, मग जरा मोठ्यानं मारली... तिसऱ्यांदा मारायचा धीर झाला नाही. याला आता सहा आठवडे झाले.

काकांची आणि माझी ओळख करपलेल्या शिऱ्यावर झाली. आम्ही नागपूरहून नवीनच आलो होतो, मंडळाचा गणपती होता, आणि पन्नास माणसांचा शिरा करायचं मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. तो खाली लागला. सगळे "छान झालाय हं" म्हणत ताटलीच्या कडेला सारत होते. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ दुसऱ्यांदा शिरा घ्यायला आले आणि गंभीरपणे म्हणाले, "एक फ्रेंच मंत्री म्हणायचा, स्वयंपाक करपला तरी चालेल, यजमानीण करपता कामा नये." माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "मग त्या मंत्र्याला म्हणा, उद्या येऊन पातेलं घास!" ते इतके हसले की चमचा खाली पडला. शेजारी पुष्पाकाकू उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, यांना कोणीतरी उत्तर देणारं भेटलं." पुढे दोनच वर्षांत काकू गेल्या. तन्वी शिकायला मिशिगनला गेली, आणि काका त्या घरात एकटे राहिले, फ्रेंचांबरोबर.

हे फ्रेंच प्रकरण पुण्यातलं. अकरावीला फ्रेंच घेतलं की मार्क भरपूर पडतात म्हणून अर्धा वर्ग घेतो आणि बारावी झाली की धुऊन टाकतो, तसंच यांनीही घेतलं होतं. पण धुतलं गेलं नाही. जन्मभर कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात पांढरा डगला आणि टोपी घालून काम केलं, आणि घरी आल्यावर वाचलं काय, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच दिवाणखान्यातल्या गप्पा! राजाच्या तोंडावर राजाचीच टोपी उडवणाऱ्या बायका, तुरुंगातून सुटल्याबरोबर पुन्हा तुरुंगात जाण्याजोगं लिहिणारे तत्त्ववेत्ते, हरलेल्या लढाईवरही विनोद करणारे सरदार, गिलोटिनकडे नेणाऱ्या गाडीत बसून शेजारच्याला हसवणारी माणसं. "या लोकांची एक गोष्ट मला फार आवडते, शुभदा," ते म्हणायचे, "ते रडगाणं गात नाहीत. फार दुखलं की वाक्य लहान करतात." मी म्हणायची, आमच्याकडे दुखलं की अख्खी गल्ली गोळा करतात, तेच बरं.

या सुविचारांबद्दल नितीनला पहिल्यापासून शंका. एकदा ग्रुपवरच त्यानं विचारलं, "काका, हे इंटरनेटवर कुठेच मिळत नाही यार." काकांचं उत्तर तयार, "मिळत नाही म्हणून तर मी टाकतो." मला मात्र त्यांनी एकदा चालताना सांगितलं होतं. कारखान्यात मीटिंगमध्ये ते काही सुचवायचे तेव्हा कोणी मान वर करायचं नाही. एकदा वैतागून तेच म्हणणं 'एक फ्रेंच सेनापती म्हणायचा' असं करून सांगितलं, तर साहेबानं पेन काढून लिहून घेतलं. "आपल्यातही तेच गं. काका म्हणाले तर उपदेश, फ्रेंच म्हणाला तर विचार!" मी खो खो हसले. म्हणजे अर्धं तरी पदरचं घालतात, एवढं मला कळलं होतं. मंडळात मोदक घरी करायचे की बाहेरून मागवायचे यावरून दोन तट पडले, माणसं एकमेकांना ग्रुपवरून काढायला लागली, तेव्हाही कुठल्याशा फ्रेंच राणीनंच मध्यस्थी केली होती. म्हणून हा खेळ मला आवडायचा. खेळच वाटायचा ना!

रोज साडेपाचला आम्ही दोघं कॅनॉलच्या कडेनं चालायला जायचो. इथे उन्हाळ्यात त्यानंतर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. वाटेत पालो वर्देच्या एका झाडाखाली काका थांबायचे, कॅनॉलकडे बघत एक फ्रेंच किस्सा सांगायचे, आणि मग आम्ही पुढे. वर्षानुवर्षं एका फेरीला एक किस्सा. या वर्षी जानेवारीनंतर दोन झाले. मार्चमध्ये तीन. झाड झालं, मग लोखंडी बाक झालं, मग पुलाचा कठडा... मे महिन्यात तर चार ठिकाणी थांबून चार किस्से. बोलायला सुरुवात करण्याआधी ते जरा वेळ गप्प उभे राहायचे, एक हात कठड्यावर. मला वाटायचं, आठवतायत. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "काका सध्या काय फॉर्मात आहेत बाप्पा!"

त्याच महिन्यांतले ग्रुपवरचे मेसेज मी आता पुन्हा वाचते. 'एक फ्रेंच सेनापती म्हणायचा, किल्ला बाहेरून पडत नाही. आतला पहारेकरी दमलेला असतो, आणि तो कोणाला सांगत नाही.' त्यावर आम्ही टाळ्या वाजवणारे हात टाकले. एकानं ते आपल्या ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये घातलं. 'एका फ्रेंच राणीला जिना चढवत नसे. तिनं जिन्यात जागोजागी चित्रं लावून घेतली, म्हणजे थांबायला निमित्त.' त्यावर "सो क्यूट!" आणि कुणाच्या तरी घरच्या जिन्याचा फोटो. 'एका फ्रेंच राजाच्या महालाचा मधला खांब कुजला होता. राजा म्हणाला, मुलीचा समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू. दरबारानं टाळ्या वाजवल्या.' आणि त्याच्याखाली, देवा रे, आम्ही खरंच टाळ्या वाजवल्या होत्या. मोजल्या नाहीत, पण स्क्रीनभर आहेत. रोज सकाळी शंभर सुविचार येतात, आपण अंगठा दाखवतो आणि चहा ओततो. सुविचारात कोणी काही सांगत असेल, हे कुणाच्या डोक्यात येतं?

बुधवारी संध्याकाळी मी त्यांना मेसेज केला, "काका, उद्याचं चालणं कॅन्सल, पहाटे कॉल आहे." लगेच उत्तर आलं, "येच ना थोडा वेळ. बोलायचं होतं." मी लिहिलं, "शुक्रवारी नक्की! कुठला किस्सा आहे?" यावर जरा वेळानं आलं, "हरकत नाही. किस्सा टिकाऊ आहे." मी अंगठा दाखवला. तरीही गुरुवारी पहाटे ते बूट घालायला बसले होते. एकटेच निघाले होते, की माझं ऐनवेळी जमेल असं वाटलं होतं, कोण जाणे.

तन्वी आली ती त्याच रात्री. सगळं आटपेपर्यंत एक अश्रू नाही, सगळ्यांना "थँक यू सो मच फॉर कमिंग" म्हणत होती. अकराव्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. ती काकांची कॉफीच्या डागांची जाड वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मावशी, कार्डिऑलॉजिस्टशी बोलले मी. त्यांनी जानेवारीत सर्जरी सांगितली होती. बाबांनी तीन वेळा पुढे ढकलली. यू वॉक्ड विथ हिम एव्हरी डे. डिड ही से एनिथिंग?" तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. वही माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मला वाचून दाखव. प्लीज, सगळं."

मला वाटत होतं वहीत फ्रेंच उतारे असतील. फ्रेंच कुठेच नव्हतं. सगळं मराठीत, पेन्सिलनं, काकांच्या बारीक, तिरक्या अक्षरात. प्रत्येक पानावर आधी एक साधं वाक्य, त्यावर काट, आणि खाली तेच फ्रेंच माणसाच्या तोंडी. 'मला आता चालताना थांबावं लागतं. शुभदाला कळू नये म्हणून गोष्ट सांगतो.' काट. खाली राणी आणि जिना. 'डॉक्टर म्हणतात लांबवू नका. तन्वीचा प्रबंध होऊ दे. आत्ता सांगितलं तर सगळं सोडून येईल पोरगी.' काट. खाली राजा आणि खांब. मी वाचत गेले, तन्वी ऐकत गेली. तिनं मधेच तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "बट ही पोस्टेड इट. एव्हरी डे. सगळ्यांसमोर!" मी तिला जवळ घेतलं, आणि दोघी रडलो, नागपूरच्या गल्लीसारख्या, मोठ्यानं.

मग शेवटचं पान आलं. वही माझ्या हातात उभी होती, तिला पान दिसत नव्हतं. त्या गुरुवारचं. तन्वीनं विचारलं, "पुढे काय आहे?" मी ते मनातल्या मनात वाचलं आणि वही मिटली. "काही नाही गं," मी म्हटलं, "कोरं आहे."

कोरं नव्हतं. त्यावर वरती लिहिलं होतं, 'एक फ्रेंच', आणि पुढे नुसती रेघ. सेनापती नाही, राणी नाही, कोणीच सापडलं नव्हतं त्यांना. आणि खाली, काट न मारलेलं एकच वाक्य, 'शुभदा आलीच तर आज चालताना तिला सगळं सांगायचं, ती मला दवाखान्यात नेईल.'

तन्वी परत गेली. वही माझ्याकडेच ठेवून गेली, 'यू कॅन रीड हिम, आय कान्ट' म्हणून. रविवारी तिचा फोन येतो आणि दर वेळी ती तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारते. एवढं तरी कोणाला सांगावंसं वाटलं नसेल का त्यांना, इतकं एकटं वाटत होतं का, मी ॲन आर्बरला यायलाच नको होतं का... सगळं स्वतःच्या माथी घेते ती पोर. आणि मी इकडे, तिला वाचता येत नाही त्या भाषेच्या आड बसून, फोनवर 'हं हं' करते. पेपरच्या पुरवणीसाठी हा लेख लिहायला बसले तेव्हा वाटलं, छापून येईल, कधीतरी कोणीतरी तिला वाचून दाखवेल, परस्पर कळेल. म्हणजे मीही तेच केलं की! काकांनी फ्रेंच पुढे केले, मी पुरवणी पुढे करते आहे. संताप आला स्वतःचा.

मी अजून साडेपाचला जाते. एकटी. मला धाप लागत नाही, तरी झाडाखाली थांबते, बाकापाशी थांबते, पुलाच्या कठड्यावर हात ठेवून थांबते. आज कठड्यापाशी फोन काढला. मिशिगनमध्ये तेव्हा नऊ वाजले होते. रविवारी सांगू, नीट बसून सांगू, असं एकदा मनात आलं... पण रविवार म्हणजे माझा शुक्रवारच तो. नंबर लावला.

"मावशी? इतक्या सकाळी? एव्हरीथिंग ओके?"

"तन्वी," मी म्हटलं, "ते शेवटचं पान कोरं नव्हतं गं."